शस्त्रखरेदी : सही कोणाची?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सैन्यासाठी कोणती तोफ, कोणते विमान, कोणती पाणबुडी घ्यायची हे कोणी ठरवावे, असा विषय आज आम्हांला दिला आहे. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. शिक्षण बी.कॉम. हाताळलेले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे पाकिटे फोडायची सुरी. समोर निवृत्त सुभेदार, विंग कमांडर बसले असताना अमुक तोफ चांगली आणि तमुक वाईट असे सांगण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. पण कागद कसा फिरतो, सही कोण करतो, आणि मुख्य म्हणजे सही करायचे कोण टाळतो, हे वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत थोडेफार समजू लागते. तेवढ्यावरच बोलू.

ग्वाल्हेरकरांना हा विषय परका नाही. महाराजपुऱ्याच्या तळावरून मिराज उडाले की आपल्याकडे खिडक्यांची तावदाने वाजतात आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबतो. या विमानांचा करार १९८२ सालचा, ती आली १९८५ साली. १९९९ च्या जूनमध्ये टायगर हिलवर लेझरने नेम धरून बॉम्ब टाकले ते याच विमानांनी. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटला गेली तीही इथलीच. म्हणजे जी खरेदी बरी ठरली तिचे उदाहरण आपल्या डोक्यावरून रोज उडते.

आता पुढचे ऐका. कारगिलनंतर वायुदलाची इच्छा साधी होती. हेच विमान ओळखीचे आहे, याचे मेकॅनिक तयार आहेत, तळ तयार आहे. आणखी हेच द्या. मंत्रालयाने म्हटले, एकाच कंपनीकडून थेट घेणे बरे दिसत नाही, स्पर्धा होऊ द्या. यात गैर काही नाही. आम्हीसुद्धा शाखेसाठी पंखे घ्यायचे तर तीन कोटेशने मागवतो. पण १२६ विमानांची निविदा निघाली ती ऑगस्ट २००७ मध्ये, आणि त्याच साली फ्रान्समध्ये मिराजचे उत्पादनच बंद झाले! सहा कंपन्या आल्या. बंगळूर, जैसलमेर आणि लेह येथे चाचण्या झाल्या. एप्रिल २०११ मध्ये दोन विमाने उरली, जानेवारी २०१२ मध्ये राफाल सर्वांत कमी किमतीचे ठरले. त्यानंतर तीन वर्षे वाटाघाटी चालल्या. भारतात बांधल्या जाणाऱ्या विमानांची हमी कोणी घ्यायची, मजुरीचे तास किती धरायचे, यावर घोडे अडले. या तीन वर्षांत "घ्या" असे कोणी लिहिले नाही आणि "घेऊ नका" असेही कोणी लिहिले नाही.

मग १० एप्रिल २०१५ रोजी पॅरिसमध्ये पंतप्रधानांनी ३६ विमाने घेत असल्याचे जाहीर केले. संरक्षण खरेदी परिषदेपुढे प्रस्ताव आला तो त्यानंतर, मे महिन्यात. आमच्या बँकेत याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. करार सप्टेंबर २०१६ मध्ये झाला, पहिली विमाने अंबाल्याला उतरली जुलै २०२० मध्ये. मधल्या काळात झालेला राजकीय धुरळा आपण सर्वांनी पाहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हस्तक्षेपाला नकार दिला आणि पुढच्या वर्षी फेरविचाराचे अर्जही फेटाळले. महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेत आला, पण त्यात किमतीचे आकडे झाकलेले होते. या वादात आपल्यापैकी कोणी या बाजूचे असतील, कोणी त्या. आमचे म्हणणे दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहे. एका सरकारच्या काळात प्रक्रिया झाली पण सही झाली नाही. दुसऱ्याच्या काळात सही आधी झाली आणि प्रक्रिया मागून आली. वायुदलाला मंजूर स्क्वाड्रन आहेत ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाली तेव्हा हाती राहिल्या २९. आणि आपल्या महाराजपुऱ्याच्या मिराजसाठी सुटे भाग मिळावेत म्हणून फ्रान्सच्या सेवेतून बाद झालेली जुनी मिराज घेण्याची वेळ २०२१ साली आली.

आता खरेदीची फाईल फिरते कशी, ते थोडक्यात पाहू. कारगिलनंतरच्या मंत्रिगटाच्या शिफारशींवरून २००१ साली संरक्षण खरेदी परिषद स्थापन झाली, अध्यक्ष संरक्षणमंत्री. दल आपल्या गरजा आणि अपेक्षित गुण लिहून देते, परिषद गरज मान्य करते, निविदा निघते, कागदावर छाननी होते, मैदानावर चाचणी होते, दराची समिती बसते, आणि रक्कम मोठी असली तर अखेरचा शब्द पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचा. २००२ पासून याची लेखी कार्यपद्धती आहे, ती अनेकदा बदलली, २०२० साली पुन्हा नव्याने लिहिली. १ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांचे मिळून एक संरक्षण दल प्रमुख आले, त्यांच्या हाताखाली लष्करी व्यवहारांचे वेगळे खातेही झाले. पण मोठ्या भांडवली खरेदीची फाईल त्या खात्याकडे दिली नाही. ती मंत्रालयातच, संरक्षण सचिवांच्या बाजूला राहिली. कागदावर पाहिले तर रचना वाईट नाही. आमच्याकडेही व्हाउचर लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, पास करणारा तिसरा आणि मागाहून ऑडिटर असतोच.

आपल्या मंडळात एक मत नेहमी ऐकू येते. "जो लढतो त्यालाच ठरवू द्या. बाबू लोकांना काय कळते?" या रागामागे अनुभव आहे, हे आम्हांला मान्य आहे. आमच्याच बँकेत एकदा वरच्या कार्यालयाने नोटा मोजायची यंत्रे घेतली. कॅशियरला विचारले नव्हते. कोऱ्या नोटा ते यंत्र झरझर मोजी. भाजीबाजारातून आलेली, घामट, चिकटपट्टी लावलेली नोट आली की अडकून बसे. आणि आमच्याकडे कोऱ्या नोटा घेऊन येतो कोण? तेव्हा वापरणाऱ्याला विचारलेच पाहिजे. पण खरे सांगायचे तर, नुसत्या कॅशियरवर सोपवले असते तर आमच्या कॅशियरने जर्मनीचे सर्वांत महाग यंत्र मागितले असते, शिवाय सोबत एक वातानुकूलित केबिन!

सैन्यातही हे घडते, आणि त्यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. जिवाशी गाठ असलेला माणूस उत्तमातले उत्तम मागणारच. अमेरिकन माहितीपत्रकातला एक गुण, रशियन माहितीपत्रकातला दुसरा, फ्रेंचांचा तिसरा, असे सगळे एकत्र लिहिले की ते हत्यार जगात कोणीच बनवत नसते. मग निविदा रद्द, पुन्हा पहिल्यापासून. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना या अवाच्या सवा अपेक्षांवर जाहीरपणे बोलले होते. गोव्याचा हा अभियंता होता, त्याला यंत्राची भाषा कळत होती. शिवाय पायदळ, नौदल, वायुदल प्रत्येकजण आपापल्या पानात वाढून घेणार, आणि पंगतीचा खर्च एकच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी होते, त्यात भांडवली खर्चाला १ लाख ८० हजार कोटी. विमानवाहू जहाज की विमाने की तोफा, हा प्रश्न तिघांपैकी एकट्याला विचारून सुटत नाही.

गुण लिहिण्याच्या टप्प्यातच किती काही ठरून जाते, याचे उदाहरण अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घेतलेल्या हेलिकॉप्टरांचे आहे. आधी अट होती की हेलिकॉप्टर सहा हजार मीटर उंचीवर उडावे. त्या अटीत एकच कंपनी बसत होती. वरून सूचना आली की स्पर्धा वाढवा. उंची साडेचार हजार मीटर केली आणि आतली उंची १.८ मीटर असावी अशी नवी अट घातली. २०१३ साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की या नव्या अटीने पुन्हा एकच कंपनी उरली, फक्त निराळी! बारा हेलिकॉप्टरांचा सुमारे साडेतीन हजार कोटींचा करार २०१० मध्ये झाला, इटलीत लाचखोरीचा आरोप झाला आणि जानेवारी २०१४ मध्ये करार रद्द झाला. कोणी काय खाल्ले हे न्यायालयांचे काम. आमचे लक्ष त्या १.८ मीटरवर आहे. एका ओळीची अट. ती कोणाच्या सांगण्यावरून आली आणि का, हे त्याच दिवशी त्याच पानावर लिहिलेले आणि त्रयस्थाने तपासलेले असते, तर पुढचे बरेचसे टळले असते.

सगळी सत्ता एका हाती देण्याचा अनुभव तर आपल्या घरातला आहे. आपण लष्करात राहतो; हे नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेले. महादजी शिंद्यांनी डी बॉईनकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या, आग्र्याला तोफा ओतण्याचे काम सुरू केले. पलटणींच्या खर्चासाठी दुआबातला मुलूखच त्याच्याकडे लावून दिला. म्हणजे वसूल तो करणार, तोफा तो करवणार, माणसे तो भरणार, लढाईही तोच चालवणार. महादजी होते आणि डी बॉईन होता तोवर हे चालले. १७९४ मध्ये महादजी गेले, पुढच्या वर्षाअखेर डी बॉईनही निघून गेला. त्याच्या जागी पेरॉन आला. मालक दौलतराव दक्षिणेत, आणि १८०३ च्या सप्टेंबरमध्ये ऐन युद्धात पेरॉन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्यानंतरही त्या पलटणी लासवारीला शर्थीने लढल्या, हे शत्रूनेही मान्य केले. शिपाई खरा होता, तोफ खरी होती. पैसा, शस्त्र आणि हुकूम ज्या एका मुठीत होते ती मूठ उघडली. (आपल्यापैकी काही घराण्यांचे पूर्वज त्या पलटणींत असतील. असो.)

तेव्हा शेवटची सही निवडून आलेल्या मंत्र्याचीच असावी असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसा लोकांचा आहे आणि लोकांपुढे उभे राहावे लागते ते मंत्र्याला. दलप्रमुख दोन-तीन वर्षांत निवृत्त होतात, विमान चाळीस वर्षे उडते. पण मंत्र्याच्या सहीबद्दल आपली तक्रार वेगळी आहे. ही सही चुकीच्या जागी पडली म्हणून देशाचे नुकसान झाले, त्याहून अधिक ती पडलीच नाही म्हणून झाले आहे.

बोफोर्सचेच घ्या. मार्च १९८६ चा करार, ४१० तोफा. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने बातमी दिली आणि सरकार हादरले. दलालीचा प्रश्न खरा होता, तो विचारलाच पाहिजे होता. पण त्याच तोफेने १९९९ साली कारगिलला काम केले हेही तितकेच खरे. त्यानंतर नव्या मोठ्या तोफेवर सही करायला तीस वर्षे कोणी धजेना. पुढची १४५ हलक्या तोफांची अमेरिकेशी झालेली खरेदी नोव्हेंबर २०१६ ची. त्या तोफा आणि हजिऱ्याला बांधलेल्या के-९ वज्र तोफा नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत सैन्यात दाखल झाल्या. गंमत अशी की स्वीडनने दिलेले बोफोर्सचे आराखडे इतकी वर्षे आपल्याच कारखान्यांत पडून होते. त्यांवरून आपल्या मध्य प्रदेशात, जबलपूरला, धनुष तोफ तयार झाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये सैन्याला मिळाली. "आराखडे उघडू नका" असा हुकूम कोणी काढला होता का? नाही. उघडा असेही कोणी म्हटले नाही, एवढेच.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट प्रशिक्षण विमानांची आहे. साध्या शिकाऊ विमानावरून उतरून नव्या वैमानिकाला थेट मिग-२१ सारख्या वेगवान आणि अवघड विमानात बसावे लागते, मधली पायरी हवी, असे ला फॉन्टेन समितीने सांगितले १९८२ साली. ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, वाजपेयी सरकारच्या अखेरच्या दिवसांत. बावीस वर्षे! कधी किंमत, कधी कोणते विमान, कधी पैसा नाही, कधी सरकार बदलले. पहिली हॉक बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ साली. तोपर्यंत मधली पायरी म्हणून जुन्या मिग-२१ वरच मुले शिकत राहिली. संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली राज्यसभेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक गेले. सगळे अपघात प्रशिक्षणाअभावी झाले असे आम्ही म्हणत नाही. यंत्र जुने होते, पक्षी आडवे येत, माणसाची चूकही होते. पण त्या बावीस वर्षांत गेलेल्या मुलांपैकी काही त्या मधल्या पायरीने वाचली असती, हे समजायला विमान चालवता यावे लागत नाही. मराठी घरांतलीही मुले त्यांत होती. आणि या बावीस वर्षांचा जबाब मागायचा झाला तर कोणाकडे मागणार? प्रत्येकाने आपल्या टेबलावर फाईल काही महिने ठेवली, एक शंका काढली आणि पुढे पाठवली. नियमाने बघाल तर एकही दोषी नाही.

काळ्या यादीचाही असाच अनुभव. मुंबईच्या माझगाव गोदीत स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या. पहिली कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. त्यांच्यासाठी ९८ टॉर्पेडो निवडले होते, पण ते बनवणारी कंपनी हेलिकॉप्टरवाल्या इटालियन समूहातली निघाली. खरेदी बारगळली. सहाच्या सहा पाणबुड्या नौदलात आल्या, पण जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर भागवत. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये ४८ टॉर्पेडोंचा करार झाला तो त्याच इटालियन कारखान्याशी. त्याचा मालक मधल्या काळात बदलला होता. लाच देणाऱ्याला शिक्षा व्हावी, जबर व्हावी. पण शिक्षा त्याला झाली की समुद्राखाली बसलेल्या आपल्या नाविकांना, हे कोणीतरी त्या फाईलवर लिहायला हवे होते.

आता आमची सूचना. कर्जाचा अर्ज आमच्याकडे आला की तो मंजूर करावा लागतो किंवा कारण लिहून नामंजूर करावा लागतो, आणि ठरल्या मुदतीत. तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला तर ऑडिटर विचारतो. खरेदीच्या कार्यपद्धतीतही प्रत्येक टप्प्याला मुदत लिहिलेली आहे. पण मुदत उलटली की नाव कोणाचे पुढे येते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आमचे म्हणणे एवढेच की सैन्याने मान्य करून घेतलेली गरज ठरल्या मुदतीत निकालात निघाली नाही, तर मंत्र्यांनी "मी हे थांबवतो, कारण अमुक" असे लिहून त्याखाली सही करावी, आणि अशा थांबलेल्या फायलींची यादी दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवावी. गुप्ततेचा प्रश्न असेल तर बंद दाराआड ठेवावी. आपल्याकडे कोणत्या तोफा नाहीत हे शत्रूला आपल्या खासदारांच्या आधी ठाऊक असते, तेव्हा या गुप्ततेचे फार कौतुक नको.

"मग मंत्री घाबरून प्रत्येक फाईलवर होच लिहितील" असा आक्षेप कोणी घेईल. घेण्यासारखा आहे. म्हणूनच होकारावरची तपासणी ढिली करायची नाही. अटी लिहिण्यापासून त्रयस्थ लेखापरीक्षण हवे, शस्त्र येऊन पोहोचल्यावर दहा वर्षांनी नको. आणि पैसा नाही हे कारण असेल तर तेही लिहावे. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चासाठी सुमारे १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते १ लाख ६० हजारांच्या खाली आले. म्हणजे कधी पैसा असूनही खर्च होत नाही, हेही सभागृहात विचारता येईल. पण बरेचदा संरक्षण खात्याच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना, बाकीच्या खात्यांबरोबर एकगठ्ठा मंजूर होतात. आपले खासदार त्या वेळी बाके वाजवतात.

पाणी, रेल्वे, विमानतळ यांसाठी आपण खासदारांना निवेदने देतोच. या वेळी कार्यकारिणीच्या संमतीने आम्ही एक पानाचे निवेदन तयार केले आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत : मान्य झालेल्या पण मुदत उलटलेल्या खरेदीच्या फायली किती, त्यांतली सर्वांत जुनी कोणत्या साली मान्य झाली, आणि ती आज कोणत्या टेबलावर आहे. ते निवेदन मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत ठेवलेले असेल. निवृत्त फौजी सभासदांनी त्यातली भाषा तपासून द्यावी, आमची भाषा बँकेची पडते. येत्या रविवारपर्यंत ज्यांना त्यावर नाव घालायचे असेल त्यांनी घालावे. ज्यांना घालायचे नसेल त्यांनीही, जमल्यास, का ते खाली लिहून ठेवावे.